घरासाठी वाईन सेलर घ्यायचाय, पण नक्की कुठला?

अर्धीबाटली

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की घरात वाईनच्या बाटल्या साठत साठत चाळीसच्या आसपास गेल्यात. त्यातल्या निम्म्याहून जास्त साध्या, आज ना उद्या उघडायच्याच आहेत. पण डझनभर जरा बऱ्यातल्या आहेत, दोन-तीन बरोलो (इटलीची लाल वाईन), एक व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाईन, ही म्हणे वीस-वीस वर्षं ठेवतात), थोड्या शॅम्पेन. सगळं सध्या जिन्याखालच्या कपाटात आडवं टाकलंय. तिथे ऊन अजिबात येत नाही, पण परवा आत सहज थर्मामीटर ठेवला तर २९ अंश!

आता सेलर, म्हणजे वाईन थंड ठेवायचं फ्रिजसारखं कपाट, घ्यायचा म्हणून नेटवर बघायला बसले तर डोकं भंजाळलं. कॉम्प्रेसरवाला, थर्मोइलेक्ट्रिकवाला, सिंगल झोन, ड्युअल झोन, काचेचं दार, भरीव दार, १८ बाटल्यांचा, २०० बाटल्यांचा. नवऱ्याला काचेचंच हवंय, आत दिवा लागला की छान दिसतं म्हणे. आणि त्याचीच दुसरी आयडिया अशी की कपाट कशाला, जिन्याखालच्या जागेलाच एक कूलिंग युनिट लावू आणि खोलीच करून टाकू. मला तर आता वाटायला लागलंय की साध्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करावा आणि विषय संपवावा.

कोणी वापरलंय का यातलं काही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच

वाचतोय. (आणि शॅम्पेन "थोड्या" म्हणजे किती, ते सांगा आधी 😀)

बूचवाला

ताई, मॉडेल बघायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, तुम्हाला वाईन साठवायची आहे की प्यायला तयार ठेवायची आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानात दोन्हीला एकच नाव लावून विकतात, निम्मा गोंधळ तिथेच होतो.

साठवायची असेल तर लाल, पांढरी, फेसाळणारी सगळ्यांना एकच तापमान चालतं, १२-१३ अंश. १० ते १५ मध्ये कुठेही असलं तरी काही बिघडत नाही, फक्त ते आज ११ आणि परवा १८ असं वरखाली होता कामा नये. पांढरी गार आणि लाल कमी गार हा हिशोब ग्लासात ओततानाचा आहे, साठवणुकीचा नाही. त्यामुळे "ड्युअल झोन (दोन वेगळ्या तापमानांचे कप्पे) नसेल तर पांढऱ्या वाईनचं काय होणार" ही काळजी सोडून द्या, काही होत नाही, प्यायच्या आधी तासभर साध्या फ्रिजमध्ये टाकायची.

ड्युअल झोन कोणाला हवा, तर ज्यांच्याकडे आठवड्याला तीन-चार बाटल्या उघडतात आणि कधीही कोणीही आलं तरी पांढरी ८ अंशाला आणि लाल १६ ला तयार पाहिजे. पण मग लक्षात घ्या, ७-८ आणि १६-१७ असे झोन लावले की दोन्हींपैकी एकही दीर्घ मुक्कामासाठी आदर्श नाही. तुमच्या पोर्टला त्यात जागा कुठे?

आणि ते २९ चं सांगायचं तर, महिनाभर तसं राहिलं म्हणून सगळं नासलं असं काही नाही, पण वर्षानुवर्षं नको. उष्णतेने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे आतला द्रव प्रसरण पावतो, बूच किंचित बाहेर ढकललं जातं, कडेने पाझर होतो आणि गार झाल्यावर त्याच वाटेने हवा आत जाते. दुसरं म्हणजे वाईन भराभर म्हातारी होते, फळाचा वास जातो आणि शिजल्यासारखी चव उरते. आत्ता जाऊन बरोलोच्या तोंडावरचं वेष्टण बोटाने गोल फिरवून बघा. सहज फिरलं तर बहुतेक ठीक आहे. चिकटून बसलं असेल, खाली चिकट डाग असेल किंवा बूच कडेच्या वर आलेलं असेल तर ती बाटली आधी उघडा, साठवू नका. (काही वेष्टणं मुळातच घट्ट असतात, त्यामुळे हे एकच लक्षण धरून घाबरू नका.)

टकटक

बूचवाल्यांना अनुमोदन. मी रेफ्रिजरेशनच्या धंद्यातला आहे, वाईनमधलं मला फारसं कळत नाही, पण मशीनचं सांगू शकतो.

थर्मोइलेक्ट्रिक म्हणजे पेल्टिए इफेक्ट, १८३४ पासून माहीत असलेली गोष्ट. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. हलणारा भाग फक्त पंखा, त्यामुळे आवाज कमी, थरथर जवळपास शून्य, छोटा आणि हलका. जाहिरातीत हे सगळं सांगतात. जे बारीक अक्षरात असतं ते असं की हा प्रकार खोलीच्या तापमानाच्या खाली साधारण १०-१२ अंश जातो, फार फार तर १५. म्हणजे खोली २२ ला असेल तर १२ निवांत मिळतील. खोली ३५ ला गेली की डिस्प्लेवर तुम्ही १२ लावा नाहीतर ५ लावा, आत २२-२३ च्या खाली येणं मुश्कील. आणि तो बिचारा तिथे पोचायला रात्रंदिवस न थांबता चालत राहणार, वीज खाणार. तुमच्या कपाटात आत्ताच २९ आहे म्हणताय, म्हणजे हा पर्याय बाद. दुसरा विचारच नको.

कॉम्प्रेसरवाला घ्या. बाहेर कितीही असो, तो आतलं १२ टिकवतो. पण तोही "कितीही" म्हणजे लेबलवर लिहिलंय तितकंच. मागच्या बाजूला किंवा दाराच्या आत एक पट्टी असते, तिच्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो: एन म्हणजे खोली १६ ते ३२ मध्ये असेल तर, एसएन म्हणजे १० ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८, टी म्हणजे १६ ते ४३. विकणारा हे कधीच स्वतःहून सांगत नाही. उन्हाळ्यात घर तापत असेल तर एन क्लासचं मशीन घेऊन नंतर कंपनीच्या नावाने खडे फोडू नका, त्यांनी आधीच लिहून हात झटकलेले असतात. उलटही आहे. थंडीत गारठणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर आत छोटा हीटर असलेलं मॉडेल लागतं, नाहीतर बाहेर ३ अंश झाले की आतही हळूहळू तेवढेच होणार, कारण साध्या मशीनला फक्त गार करता येतं.

तिसरा एक प्रकार असतो, ॲब्सॉर्प्शन, हॉटेलच्या मिनीबारमध्ये असतो तो. अमोनियावर चालतो, एकदम मूकबधिर, पण वीज जास्त खातो आणि गरम खोलीत तोही हात टेकतो.

निवांत_कोपरा

टकटक, थरथरीचं काय पण? मी तर ऐकलंय की कॉम्प्रेसरच्या व्हायब्रेशनने वाईन खराब होते, म्हणून तर लोक थर्मोइलेक्ट्रिक घेतात ना?

टकटक

वाईनवाल्यांनी उत्तर द्यावं. माझ्या बाजूने एवढंच की वाईनच्या कपाटात कॉम्प्रेसर रबरी बुशवर बसवलेला असतो आणि फळ्या लाकडी असतात, साध्या फ्रिजइतकं ते धडधडत नाही. आवाजाचा आकडा बघा, ३८-४० डेसिबलच्या आत असेल तर बैठकीत चालेल. झोपायच्या खोलीत मात्र कुठलंच नको, रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर सुरू झाला की कळतंच.

बूचवाला

थरथरीची भीती जरा फुगवलेली आहे असं माझं मत. जुन्या बाटल्यांमध्ये गाळ असतो, तो सतत ढवळला गेला तर वाईन गढूळ राहते, हे खरं. त्यापलीकडे घरातल्या कपाटाच्या बारीक थरथरीने चव बिघडते याला भक्कम पुरावा नाही. उष्णतेचा पुरावा मात्र ढीगभर आहे. तेव्हा थरथर टाळायला म्हणून २३ अंशात वाईन ठेवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर.

रच्याकने, व्हिंटेज पोर्टचा विषय निघालाय म्हणून. जुन्या पोर्टच्या बाटलीवर कधीकधी पांढऱ्या रंगाचा एक फराटा असतो. तो डाग नाही, ती बाजू वर ठेवायची असते. म्हणजे गाळ कायम त्याच्या समोरच्या बाजूला बसतो आणि बाटली हलवली तरी परत तशीच ठेवता येते. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करायची, गाळ तळाला गेला की सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची.

उगाच

मी जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

बाजारातली बहुतेक वाईन साठवायला बनवलेलीच नसते. वर्ष-दोन वर्षांत प्यायची, संपलं. ती दहा वर्षं १२ अंशात जपून ठेवलीत तर दहा वर्षांनी तुमच्याकडे एक नीट जपलेली कंटाळवाणी वाईन असेल. खरोखर वय झाल्यावर खुलणाऱ्या मोजक्याच, चांगली बोर्दो, बरोलो, व्हिंटेज पोर्ट, चांगली रीसलिंग, सोटर्न वगैरे. अर्धीबाटली ताईंकडे अशा डझनभर. डझनभर बाटल्यांसाठी फ्रिजएवढं मशीन आणि त्याचं वर्षभराचं वीजबिल? त्यापेक्षा त्या डझनभर पिऊन टाका आणि नंतर घेताना पिण्यापुरत्या घ्या. जागा वाचेल, पैसे वाचतील, आणि नवऱ्याला काचेच्या दारातून बघण्यापेक्षा ग्लासातून बघू द्या.

आणि सेलर सेलर काय घेऊन बसलात, २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ, एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, साधारण १७० वर्षांपूर्वीच्या! ५० मीटर खोल पाण्यात. ना मशीन ना डिस्प्ले. चाखणाऱ्यांना आधी ओल्या केसांचा, चीजचा असा वास आला आणि ग्लासात जरा फिरवल्यावर धूर, चामडं असं काय काय खुललं म्हणे.

बूचवाला

हा हा, उगाच, उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्या बाजूने आहे. तिथे तापमान होतं २ ते ४ अंश, बारा महिने तेच, आणि मिट्ट काळोख. म्हणजे जगातला सर्वात स्थिर सेलर. शिवाय त्या शॅम्पेनमध्ये आजच्यापेक्षा कितीतरी जास्त साखर होती, तिचाही टिकायला हातभार लागला असणार.

बाकी मुद्दा मान्य. साध्या वाईनसाठी सेलर नको. पण ताईंकडे २९ अंश आहेत आणि बरोलो आहे, त्या बाटल्यांना कुठेतरी आसरा लागणारच ना.

साध्या फ्रिजचं विचारलं होतं त्यांनी. तो ४ अंशाला असतो आणि फ्रॉस्ट-फ्री असेल तर हवा एकदम कोरडी. काही आठवडे, अगदी दोन-तीन महिनेही चालून जातं. वर्षं नाही. २९ च्या कपाटापेक्षा मात्र फ्रिज केव्हाही बरा, त्यामुळे सेलर येईपर्यंत बरोलो आणि पोर्ट खुशाल भाजीच्या कप्प्यात आडव्या टाका. आजच टाका खरं तर.

तळपायरी

जिन्याखाली खोली करायचा विचार आहे म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडे केलंय ते.

होतं, छान होतं, पण "कूलिंग युनिट लावू" इतकं सोपं नाही हो ते. युनिट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम भिंतीत आहे.

आत १२ अंश आणि बाहेर ३०, म्हणजे बाहेरची दमट हवा सतत आत घुसायला बघणार आणि जिथे गार पृष्ठभाग मिळेल तिथे तिचं पाणी होणार. हे पाणी भिंतीच्या आत, इन्सुलेशनच्या मागे झालं तर तुम्हाला दिसतही नाही, वर्षभराने प्लास्टर फुगतं आणि बुरशीचा वास यायला लागतो तेव्हा कळतं. म्हणून सहाही बाजूंना, म्हणजे चार भिंती, छत आणि जमीन, बाष्प अडवणारा थर लागतो आणि तो इन्सुलेशनच्या गरम बाजूला, म्हणजे बाहेरच्या बाजूला. आमच्या मिस्त्रीने तो आतून लावायला घेतला होता, काम थांबवून परत करून घेतलं. जिन्याखाली तर छत तिरकं, प्रत्येक पायरीचा कोपरा वेगळा, तिथे फटी राहतातच. फोम मारून घेतलेला बरा, तोही क्लोज्ड सेल, म्हणजे पाणी न पिणारा.

मग दार. आतल्या खोल्यांची पोकळ दारं चालत नाहीत, भरीव दार, चारी बाजूंनी रबर, आणि खाली जमिनीला घासणारी पट्टी. आम्ही संध्याकाळी आत टॉर्च लावून दार बंद केलं आणि बाहेरचे दिवे घालवून बघितलं, बिजागरीच्या बाजूला खालपासून वरपर्यंत उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तेवढ्या फटीतून युनिटला दिवसभर उगाच काम.

आणि हे कोणीच आधी सांगत नाही की युनिट आतली उष्णता काढून कुठेतरी टाकणार. कुठे टाकणार? दुसऱ्या मोठ्या, हवेशीर खोलीत किंवा बाहेर. जिन्यासमोरच्या अरुंद पॅसेजमध्ये टाकलीत तर पॅसेज तापतो, मग युनिट तीच गरम हवा ओढतं, आणखी तापतं, चक्र सुरू. शिवाय पाणी निघायला नळी.

साधा एसी लावून भागवू म्हणाल तर तो १६ च्या खाली सहसा जात नाही आणि हवा सुकवतो ते वेगळंच.

चाळीस बाटल्यांसाठी हे सगळं करू नका असं मी तरी म्हणेन. आमच्याकडे चारशेच्या वर आहेत (नवऱ्याचा छंद, माझा नाही), म्हणून परवडतं.

निवांत_कोपरा

आणि खरंखुरं तळघर असेल तर? म्हणजे जमिनीखाली खोदून, बिना मशीनचं? फ्रान्समध्ये तर शेकडो वर्षं तसंच ठेवतात.

टकटक

जमिनीखाली काही मीटर गेलं की तापमान बाराही महिने जवळपास स्थिर होतं, पण ते स्थिर होतं त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. शॅम्पेनच्या भागात, रँस शहराखाली चुनखडीतली जुनी तळघरं आहेत, ती १०-१२ अंशाला असतात, कारण तिथली वर्षाची सरासरीच तेवढी आहे. जिथे सरासरी २५-२६ आहे तिथे विहिरीएवढं खोदलंत तरी खाली २५-२६ च मिळणार. स्थिर मिळेल, गार नाही मिळणार. तेव्हा गरम प्रदेशात तळघर असलं तरी मशीन लागतंच, फक्त त्याचं काम हलकं होतं.

अर्धीबाटली

बापरे, केवढी माहिती! धन्स सगळ्यांना. बरोलो आणि पोर्ट काल रात्रीच फ्रिजमध्ये गेल्या. वेष्टणं फिरवून बघितली, एक सोडून सगळी फिरली, ती एक या शनिवारी उघडतोय.

तळपायरी ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, खोलीचा विषय बंद झाला. 😀 

म्हणजे आता ठरलं ते असं की कॉम्प्रेसर, सिंगल झोन, १२ अंश. जागा बघितली तर स्वयंपाकघरात ओट्याखाली ६० सेंटीमीटर रुंदीची एक मोकळी जागा आहे, तिथे बसेल असं वाटतंय. "४६ बाटल्या" लिहिलेलं एक मॉडेल आवडलंय. आमच्या चाळीस, म्हणजे पुरेल ना? आणि काचेच्या दाराचा निकाल अजून लागायचाय.

बूचवाला

नाही पुरणार. 😀 

तो ४६ चा आकडा सगळ्या बाटल्या बोर्दोच्या आकाराच्या, ७५० मिलीच्या, उलटसुलट डोक्याला पाय लावून कोंबल्या तर येतो. बोर्दोची बाटली साधारण साडेसात सेंटीमीटर व्यासाची, खांदे सरळ. तुमच्या शॅम्पेन जवळपास ९ सेंटीमीटरच्या, बर्गंडीवाल्या ८ च्या पुढे. दोन फळ्यांमधल्या फटीत शॅम्पेन जातच नाही कित्येक मॉडेलमध्ये, मग एक फळी काढून टाकावी लागते, गेल्या सात-आठ बाटल्या. रीसलिंगची बाटली बारीक पण उंच, तिची मान दाराच्या काचेला टेकते. त्यामुळे लिहिलेल्या आकड्यातून पाव भाग आधीच वजा करा. ४६ म्हणजे तुमच्यासाठी चौतीस-पस्तीस धरा.

पण मला वाटतं तुमच्यासाठी तेवढं पुरेही. साध्या वाईन ज्या सहा महिन्यांत संपणार त्या सगळ्या आत ठेवायची गरज नाही, घरातला सगळ्यात थंड कोपरा शोधून तिथे ठेवा (जिन्याखाली नको). आत फक्त बऱ्यातल्या आणि थोड्या तयार पांढऱ्या. बाटल्या वाढणारच आहेत हे मात्र गृहीत धरा, रिकामा सेलर फार दिवस रिकामा राहत नाही.

दुकानात जाताना शॅम्पेनची एक रिकामी बाटली पिशवीतून घेऊन जा आणि प्रत्यक्ष आत सरकवून बघा. फळी पूर्ण बाहेर येते का तेही बघा. अर्धवट येणाऱ्या फळीवर मागची बाटली काढायला पुढच्या चार हलवाव्या लागतात, आणि तारेची फळी असेल तर लेबलं खरवडली जातात.

टकटक

ओट्याखाली म्हणताय, तर थांबा. मशीन "बिल्ट-इन" आहे का ते बघा, म्हणजे गरम हवा पुढून, खालच्या जाळीतून सोडणारं. साधं सुटं उभं राहणारं मॉडेल मागून आणि बाजूने हवा सोडतं, ते तीन बाजूंनी फर्निचरमध्ये कोंबलं की उष्णता कोंडते, कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही आणि लवकर जातो. वॉरंटीलाही मग ते हात लावत नाहीत, चुकीचं बसवलंय म्हणतात. दिसायला दोन्ही सारखीच असतात, किमतीत फरक असतो आणि लोक स्वस्त ते उचलतात. आणि गॅस शेगडी किंवा ओव्हन चिकटून असेल तर ती जागा नकोच.

वजनाचंही बघा. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो, शॅम्पेनची तर रिकामीच ८३५ ग्रॅमची असते. चाळीस बाटल्या अधिक मशीन म्हणजे शंभर किलोच्या आसपास. फरशी सपाट पाहिजे, नाहीतर दार नीट बसत नाही आणि रबरातून हवा जाते.

काचेच्या दाराचं: भरीव दार केव्हाही जास्त चांगलं, थंडावाही टिकतो आणि उजेडही नाही. पण काच हवीच असेल तर दुहेरी किंवा तिहेरी, यूव्ही अडवणारी, आणि ते दार खिडकीसमोर नको. आतला दिवा एलईडी आणि बंद करता येणारा.

तळपायरी

उजेडाला अनुमोदन. पारदर्शक बाटल्यांना सगळ्यात जास्त त्रास, रोझे (गुलाबी वाईन) किंवा काही शॅम्पेन. उजेडाने वाईनमध्ये गंधकाचे वास तयार होतात, शिजलेल्या कोबीसारखे. ती क्रिस्टल शॅम्पेन पारदर्शक बाटलीत असते, म्हणून तर तिला नारिंगी कागद गुंडाळलेला असतो, तो शोभेचा नाही, यूव्ही अडवायला आहे. घरी आणली की लोक आधी तो कागदच काढून टाकतात!

निवांत_कोपरा

आर्द्रतेचं कोणीच बोललं नाही? हायग्रोमीटर वगैरे?

बूचवाला

५० ते ८० टक्क्यांमध्ये असलं की झालं. फार कोरडं असेल तर वर्षानुवर्षांत बूच बाहेरून सुकतं, ८० च्या वर गेलं की लेबलं बुरसटतात, वाईनला काही होत नाही. बाटली आडवी असेल तर बूच आतून ओलंच राहतं. फिरकीच्या झाकणाची असेल तर उभी ठेवा, आडवी ठेवा, काही फरक नाही. कपाटाच्या आत कोरडं वाटलं तर एका वाटीत पाणी ठेवा, आर्द्रता मोजणाऱ्या महागड्या मॉडेलची गरज नाही.

एक मात्र पाळा. बुरशी दिसली तर ब्लीचने, क्लोरीनवाल्या कशानेही पुसू नका. क्लोरीन आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं रसायन तयार होऊ शकतं, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, "कॉर्क्ड" वाईनला येतो तोच. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. कोमट पाणी, थोडा खायचा सोडा, बस्स. आणि बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट आत ठेवू नका, ओल धरतात ते.

अर्धीबाटली

नवऱ्याशी तह झाला: काच, पण तिहेरी, आणि दिवा बंद. 😀 बिल्ट-इनच घेतोय, टी क्लासचं, पुढून हवा सोडणारं. बाटली पिशवीत घालून दुकानात गेलो, सेल्समन बघतच राहिला. आवडलेल्या मॉडेलमध्ये शॅम्पेन खरंच गेली नाही! दुसऱ्यात गेली, तेच बुक केलं. उद्या येतंय. आल्या आल्या लावू ना सगळं? आणि डिस्प्लेवरचे आकडे खरे असतात का?

टकटक

आल्या आल्या नाही. गाडीत आडवं घालून आणलं असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं, एक दिवस उभं राहू द्या, मग चालू करा. उभंच आणलं असेल तरी चार-पाच तास थांबा. मग रिकामं चालवून १२ ला येऊ द्या आणि बाटल्या थोड्या थोड्या भरा, चाळीस गरम बाटल्या एकदम आत गेल्या तर त्याला दोन दिवस धापा टाकत चालावं लागतं.

डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना हवा दोन-तीन अंश वरखाली होते, ते बघून घाबरू नका, बाटलीतल्या वाईनला ते कळतही नाही. खरं बघायचं तर एका रिकाम्या वाईनच्या बाटलीत पाणी भरा, त्यात साध्या थर्मामीटरची दांडी सोडा आणि मधल्या फळीवर उभी-तिरकी कशीही ठेवा. दुसऱ्या दिवशी वाचा. मग वरच्या फळीवर ठेवून वाचा, मग खालच्या. वर-खाली दोन अंशांचा फरक बहुतेक मशीनमध्ये निघतो, म्हणून पोर्ट आणि बरोलो खाली, लवकर उघडायच्या त्या वर. वीज गेली तर दार उघडू नका, भरलेलं कपाट काही तास आरामात काढतं.

उगाच

आणि ती शनिवारची बरोलो? वेष्टण न फिरलेली? निघाली कशी ते लिहा की, आम्ही इथे त्यासाठीच थांबलोय.

अर्धीबाटली

बूच निम्म्यापर्यंत लाल भिजलेलं होतं, कडेने एक रेघ पार वरपर्यंत. वास जरासा मनुकांचा आला, रंग कडेला विटकरी. पिण्यासारखी होती, पण बूचवाले म्हणाले तसं फळ गेलेलं. अर्धी बाटली उरली (नाव सार्थ केलं), ती फ्रिजमध्ये आहे.

बूचवाला

ती नवीन सेलरमध्ये नको हां. उघडलेली बाटली साध्या फ्रिजमध्येच, बूच लावून उभी, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.